बुधवारची गाडी

ओझेला टॉलबर्टच्या पांढऱ्या हातमोज्यांना माउंट नेबो या ख्रिस्ती मंडळीत पाळकसाहेबसुद्धा वचकून असत. एकाहत्तर वर्षांची बाई, उंची बेताची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला. पण रविवारी सकाळी पांढरा झगा, पांढरे बूट आणि छातीवर सोनेरी बिल्ला लावून ती देवळाच्या मुख्य दाराशी उभी राहिली, की कोण कधी आत जाणार आणि कुठल्या बाकावर बसणार ते तीच ठरवी. प्रार्थना चालू असेल तर दार बंद. शास्त्रवाचन चालू असेल तर दार बंद. एकदा मतं मागायला आलेला एक पुढारी ऐन प्रार्थनेत पोचला, तर त्याला तिने ऑगस्टच्या उन्हात पायरीवर बारा मिनिटं उभं केलं होतं आणि वर त्याच्याकडे असं बघितलं होतं की त्याने घाम पुसायलाही खिशात हात घातला नाही.

दारावरची बाई बोलत नाही, हा तिथला नियम. सगळं हातांनी. एक बोट वर म्हणजे एक जागा रिकामी. पाठीमागे मूठ म्हणजे थांब. उघडा तळहात पुढे म्हणजे आता कुणी जागचं हलायचं नाही. एकोणतीस वर्षं ओझेलाने हे काम केलं आणि एकोणतीस वर्षांत उपासनेच्या वेळी तिच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला नव्हता. हार्लो गावच्या लोकांना वाटे, बाई स्वभावानेच मितभाषी आहे. तिच्या स्वयंपाकघरात एकदा जाऊन बसायचं होतं म्हणजे कळलं असतं.

तिच्या पोटात एक जुना राग होता. तिचा धाकटा भाऊ सेसिल नऊ वर्षं तुरुंगात होता. मंडळीत दर रविवारी एक यादी वाचतात, आजारी आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्यांची, म्हणजे लोकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, जाऊन भेटावं. कुणाचा गुडघा, कुणाचं मधुमेहाचं पाऊल, एका बाईचं तर नुसतं दाढदुखीसाठी नाव लागलं होतं. ओझेलाने सेसिलचं नाव तीन वेळा लिहून दिलं, तीनही वेळा ते वगळलं गेलं. त्या वेळच्या पाळकांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की यात तुझ्याच घराची शोभा होईल. सेसिल आतच वारला. मग मात्र मंडळीने फुलं पाठवली, चांगली मोठी, तिकाटण्यावर उभी करायची. जिवंत असताना तोही कुठे घराबाहेर पडू शकत होता, हे यादी करताना कुणाच्या डोक्यात आलं नाही. आपल्या लोकांची दया अशी असते, मेलेल्याला पटकन सापडते.

म्हणून गेल्या मे महिन्यात नवे पाळक, रेव्हरंड व्हिटलो, व्यासपीठावरून बंदिवानांबद्दल बोलायला लागले, तेव्हा ओझेला दाराशी उभ्या उभ्या ताठ झाली. व्हिटलोसाहेबांचा आवाज असा, की त्यांनी नळाचं बिल वाचलं तरी पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोळे पुसतील. त्या दिवशी त्यांनी सगळं कसब लावलं. सुटून आलेल्या माणसाला उपदेश नको, सोबत हवी, असं ते म्हणाले. मंडळी एक योजना सुरू करते आहे, नाव 'सोबती'. ज्यांना देव आज हाक मारतो आहे त्यांनी उभं राहावं. लोक उभे राहिले. गायनमंडळाने सूर धरला, आणखी उभे राहिले. ओझेलाने सवयीने मोजले. तेवीस. कागद तिनेच फिरवला आणि सह्या घेऊन तो झग्याच्या खिशात ठेवला.

मग सोबत कशी करायची ते शिकवायला शहरातून एक बाई आल्या. पहिल्या शनिवारी केक होता, तेव्हा चौदा जण आले. दुसऱ्या शनिवारी नऊ. तिसऱ्या शनिवारी चौघे, आणि पाचवी ओझेला, जिची सही त्या कागदावर नव्हतीच. बाकीच्यांना देवाने हाक मारली होती, पण शनिवारची नव्हती.

लेम्युएल मॅब्री त्यांच्या वाट्याला जूनमध्ये आला. अठ्ठावन्न वर्षांचा, सव्वीस वर्षं आत काढून परोलवर सुटलेला. तरुणपणी दारूच्या नशेत बंदूक घेऊन एका दुकानात शिरला होता. त्याबद्दल तो स्वतःहून एकदाच बोलला आणि सबबी न सांगता बोलला. ओझेलाला तो त्याच्याही आधीचा आठवत होता. एकतीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली होती, आणि रांगेत परत येऊन दुसरा पाव मागणारी पोरं ती कधी विसरली नाही.

"दोन पाववाला मॅब्री," पहिल्या भेटीत ती म्हणाली.

"तुम्ही तिसराही द्यायचात, मिस ओझेला," तो म्हणाला. एवढ्यावर त्यांचं जमलं.

न्हाव्याच्या दुकानामागे त्याला एक खोली मिळाली आणि टायरच्या दुकानात काम मिळालं. मंडळीने त्याला वस्तू भरपूर दिल्या. वस्तू द्यायला लोक पुढे असतात, त्यात घरातली अडगळ कमी होते. चार इस्त्र्या आल्या. मंडळीचा कारभार बघणाऱ्या, वारलेल्या एका डीकनचा सूट आला, आणि त्याच डीकनचे काळे बूट, लेम्युएलला अर्धा नंबर लहान. त्याने ते न कुरकुरता घातले आणि दर रविवारी शेवटून तिसऱ्या बाकावर येऊन बसायला लागला.

त्याला खरी गरज एकाच गोष्टीची होती. दर बुधवारी सकाळी नऊ वाजता अठरा मैलांवरच्या कोर्लीला, परोलच्या कचेरीत हजेरी. हार्लोहून कोर्लीला बस जात नाही. गाडी चालवायचा परवाना लेम्युएलकडे नाही आणि ओझेलाच्या डोळ्यांमुळे डॉक्टरांनी तिचा काढून घ्यायला लावलेला. हजेरी चुकली तर माणूस परत आत, उरलेली सहा वर्षं भोगायला. तेवीस सोबत्यांनी मिळून करायचं होतं ते एवढंच, आठवड्यातून एकदा एक माणूस अठरा मैल न्यायचा आणि आणायचा.

हे काम डीकन होझिया क्रेनशॉने अंगावर घेतलं होतं. निवृत्त पोस्टमन, लांबलचक गाडी, ती तो स्वतःच्या दातांपेक्षा जास्त वेळा घासत असे. माणूस वाईट नव्हता. जून, जुलै त्याने नेमाने नेलं. एकदा मात्र वाटेत गरम बिस्किटं आणि सॉसेज खायला थांबला, ओळखीचा कुणी भेटला, गप्पा झाल्या आणि लेम्युएल नऊ वीसला पोचला. परोलच्या साहेबाने ते कागदावर टिपून ठेवलं. क्रेनशॉ हसून म्हणाला की वीस मिनिटांनी काय बिघडतं. ओझेलाने त्याला फोनवर असं झाडलं की त्याच्या बायकोला शेजारच्या खोलीत ऐकू गेलं.

ऑगस्टचा दुसरा आठवडा म्हणजे संजीवन सप्ताह. माउंट नेबोत त्या आठवड्यापुढे सगळं जग थांबतं. बाहेरगावचा मोठा प्रवचनकार येतो, रोज संध्याकाळी सभा, दिवसा उपवास आणि प्रार्थना. गायनमंडळाचा सराव बंद, स्त्रियांची सभा बंद, मुलांचा वर्ग बंद. दरवर्षीप्रमाणे मंडळीच्या रविवारच्या पत्रिकेत ओळ छापली होती: या आठवड्यात मंडळीचे सर्व उपक्रम बंद राहतील. ही ओळ पन्नास वर्षं छापली जाते आहे. यंदाच्या प्रवचनकाराने त्यात आणखी एक भर घातली. उपवास पोटाचा नको, फोनचा करा, म्हणाला. आठवडाभर सकाळी फोन बंद करून देवाला तेवढा वेळ द्या. लोकांना फार आवडलं. पोटाच्या उपवासापेक्षा ते सोपं होतं.

दोनशे पत्रिका ओझेलाने स्वतःच्या हातांनी दुमडल्या आणि दाराशी वाटल्या. ती ओळ तिने वाचली नाही, कारण ती ओळ तिला पाठ होती. बुधवारी सकाळी तिचाही फोन बंद होता आणि ती प्रवचनकाराच्या जेवणासाठी बादलीभर शेंगा सोलत बसली होती. हे तिने पुढे कुणाहीपासून लपवलं नाही.

संध्याकाळी पाचला बर्फ मागवायला तिने फोन चालू केला. लेम्युएलचे सात फोन येऊन गेले होते. आठवा एका अनोळखी नंबरावरून, त्याचा निरोप ठेवलेला.

"मिस ओझेला, मी लेम्युएल. काळजी करू नका. गाडी आली नाही म्हणून मी चालत निघालो. पोचलो, पण उशीर झाला. शुक्रवारी नऊला सुनावणी आहे म्हणतात, तोवर कोर्लीच्या कोठडीत आहे. माझ्या खोलीतला पंखा चालू राहिलाय. तेवढा कुणाला तरी बंद करायला सांगा."

अठरा मैल. ऑगस्टचं ऊन, डांबराचा रस्ता, मेलेल्या माणसाचे तोकडे बूट. आणि याला काळजी कशाची, तर न्हाव्याच्या विजेची.

ओझेला तशीच ओल्या हातांनी पाळकांच्या खोलीत गेली. व्हिटलोसाहेब, प्रवचनकार आणि क्रेनशॉ तिघेही तिथेच होते. तिने केलेला पीचचा केक त्यांच्या पुढ्यात होता. तिने निरोप तिघांना ऐकवला. प्रवचनकाराने डोळे मिटले. क्रेनशॉ आधी केककडे आणि मग जमिनीकडे बघायला लागला.

"पत्रिकेत स्पष्ट छापलं होतं," तो म्हणाला, "सगळे उपक्रम बंद. मला वाटलं, त्यालाही कुणीतरी कळवलं असेल."

"कुणाला कळवलं असेल, होझिया? परोलच्या साहेबाला? की बाबा, आमच्याकडे सप्ताह आहे, या बुधवारी तुमचा कायदा बंद ठेवा?"

व्हिटलोसाहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आज रात्री आपण त्याला प्रार्थनेत धरू, म्हणाले. सप्ताह संपला की मी स्वतः मंडळीच्या कागदावर पत्र लिहीन.

"सप्ताह रविवारी संपतो, साहेब. सुनावणी शुक्रवारी आहे."

त्यावर ते म्हणाले की शुक्रवारी सकाळी पाहुण्यांबरोबर आसपासच्या सगळ्या पाळकांची न्याहारी ठरलेली आहे, पाहुण्यांना आणायला डीकन क्रेनशॉंची गाडी लागणार, पण देवाला काही अवघड नाही. ओझेला त्यांच्याकडे बघत राहिली. सेसिलच्या वेळचे पाळक निदान तोंडावर नाही म्हणाले होते. हा माणूस हो म्हणता म्हणता नाही म्हणत होता, आणि तेही मधाळ आवाजात. तिने खांद्यावरचा हात काढला, केकची थाळी उचलली आणि बाहेर आली.

त्या संध्याकाळी देऊळ गच्च भरलं होतं. भिंतीलगत खुर्च्या लावाव्या लागल्या. प्रवचन रंगलं, आणि शेवटी व्हिटलोसाहेबांनी बंदिवानांसाठी प्रार्थना मागितली. लेम्युएलचं नाव घेतलं आणि आपला भाऊ संकटात सापडला आहे, एवढंच सांगितलं. ते संकट कुठून आलं, ते सांगितलं नाही. लोकांनी हात वर केले. लोक रडले. जो माणूस सकाळी रस्त्याच्या कडेने यातल्या कित्येकांच्या घरांवरून चालत गेला होता, त्याच्यासाठी लोक हुंदके देऊन रडले.

दाराशी ओझेलाने आपल्या दोघी मदतनीस बायकांना पाठीमागून मूठ दाखवली. त्यांनी दारं लावून घेतली. मग ती मधल्या वाटेने चालत पुढे गेली. देणगीच्या थाळ्या घेतल्याशिवाय दारावरची बाई त्या वाटेने कधी जात नाही, त्यामुळे लोक रडायचे थांबले. व्यासपीठापाशी वळून तिने उघडा तळहात पुढे केला. ऑर्गन थांबला.

"मी इथे एकोणतीस वर्षं उभी आहे आणि कधी बोलले नाही," ती म्हणाली. "लेम्युएल संकटात सापडलेला नाही. त्याला आपण सोडून दिलं. दर बुधवारी त्याला गाडी लागते, हे आपल्याला माहीत होतं. आज आपण देवासाठी फोन बंद करून बसलो होतो आणि तो चालत गेला. पत्रिका मी वाटल्या. फोन माझाही बंद होता. तेव्हा पहिलं नाव माझं धरा."

तिने खिशातून मे महिन्याचा कागद काढला. डोळ्यांमुळे तो नाकाशी धरावा लागला. त्यावरची नावं ती एकेक करून वाचायला लागली, दर रविवारी आजाऱ्यांची यादी वाचतात अगदी त्याच चालीवर. डीकन होझिया क्रेनशॉ. सिस्टर जेरिलिन पूल. ब्रदर ॲम्ब्रोज टेट. प्रत्येक नावानंतर ती थांबत होती, म्हणजे लोकांना मान वळवून बघता यावं. सातव्या नावाला गायनमंडळातली एक बाई ओक्साबोक्शी रडायला लागली.

"रडू नका," ओझेला म्हणाली. "रडून कोर्लीला जाता येत नाही."

तेविसावं नाव वाचून तिने कागदाची घडी घातली. शुक्रवारी सकाळी साडेसातला या दारासमोर गाड्या लागतील, ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं, बाकीच्यांनी न्याहारीला जावं, असं तिने सांगितलं. मग ती आली तशी परत गेली आणि दारं उघडली. प्रवचनकाराने घाईघाईने गाणं सुरू केलं. व्हिटलोसाहेब त्या रात्री तिच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोचा फोन आला, की सिस्टर टॉलबर्ट दमल्या असतील, त्यांनी थोडे दिवस दाराचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं. ओझेला म्हणाली, बिल्ला न्यायला पाळकांना स्वतः पाठवा. कुणी आलं नाही.

शुक्रवारी तीन गाड्या लागल्या. अकरा माणसं. सगळ्यांत पुढे क्रेनशॉची, धुवून आणलेली. पाहुण्यांना न्याहारीला कोण घेऊन गेलं, ते ओझेलाने विचारलं नाही.

सुनावणी घेणारी अधिकारी जेमतेम तिशीची होती. लेम्युएलला आणलं तेव्हा त्याच्या पायात कोठडीतल्या रबरी चपला होत्या आणि घोटे सुजून टम्म झालेले. परोलच्या साहेबाने वाचून दाखवलं, आधी वीस मिनिटं उशीर, आता सहा तास चाळीस मिनिटं. कुणाला काही सांगायचंय का, असं बाईंनी विचारलं. क्रेनशॉ उठला. त्याने भाषण लिहून आणलं होतं. ते त्याने खिशातून काढलं, परत ठेवलं आणि त्याऐवजी पत्रिका काढून ती एक ओळ वाचली. पहिल्या वेळचा उशीरही माझ्यामुळे झाला, मी खायला थांबलो होतो, असंही त्याने सांगितलं. ते त्याला कुणी विचारलं नव्हतं.

बाईंनी पत्रिका हातात घेतली. "म्हणजे देवाच्या कामासाठी तुम्ही याला रस्त्यावर सोडलंत?"

"हो, मॅडम," क्रेनशॉ म्हणाला.

मग बाईंनी लेम्युएलला शेवटची ताकीद दिली. पुन्हा एक हजेरी चुकली तर कारण विचारणार नाही, सहा वर्षं पुरी आत, असं बजावलं आणि सोडून दिलं. त्याचे बूट त्याला कागदी पिशवीत परत मिळाले. ओझेलाने ती पिशवी त्याच्या हातातून घेतली आणि कोर्लीच्या कचेरीबाहेरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली.

रविवारी सप्ताहाची समाप्ती. लेम्युएल टायरच्या दुकानातले कामाचे बूट घालून आला आणि शेवटून तिसऱ्या बाकावर बसला. व्हिटलोसाहेबांना आवाज सापडला होता. देवाने या सप्ताहात तुरुंगाचं दार उघडलं, ते म्हणाले. दार देवाने उघडलं म्हणे. बंद कुणी केलं होतं, ते त्यांच्या तोंडून आलं नाही. टाळ्या झाल्या. मग त्यांनी हात पसरून लेम्युएलला हाक मारली, ये, पुढे ये, देवाने तुझ्यासाठी काय केलं त्याची साक्ष दे. लोक बाकांवरून अर्धे वळले. तेवीस जणांना मेमध्ये हवं होतं ते हेच होतं, पुढे उभा राहून रडणारा माणूस.

लेम्युएल पुढे गेला नाही. जागेवरच उभा राहिला, समोरच्या बाकाला धरून.

"बुधवारी नऊ वाजता मला कोर्लीला हजर व्हायचंय," तो म्हणाला. "त्याच्या पुढच्या बुधवारीही. असे तीनशे बुधवार आहेत. कोण नेणार?"

आणि खाली बसला.

गायनमंडळ गाण्याच्या तयारीत होतं. व्हिटलोसाहेबांनी त्यांच्याकडे मान वळवली, तेवढ्यात दाराशी ओझेलाचा पांढरा तळहात वर गेला. कुणी गायलं नाही. तिने देणगीची थाळी उचलली, तीत एक कोरा कागद आणि पेन ठेवलं आणि पहिल्या बाकावर दिली. थाळी सावकाश फिरली. काही बाकांवरून फारच पटकन पुढे गेली. ओझेला शेजारून चालत होती, आणि पटकन पुढे सरकवणाऱ्यांकडे तिने त्या पुढाऱ्याकडे बघितलं होतं तसं बघितलं.

थाळी परत तिच्या हातात आली तेव्हा कागदावर पाच नावं होती. पहिलं क्रेनशॉचं. पाच बुधवार.

मग ती व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढली. तिथे दारावरची बाई जात नाही. तिने थाळी व्हिटलोसाहेबांच्या पुढे धरली. ते हसले, तिच्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. तिचे हात दुखायला लागले, पण तिने थाळी खाली घेतली नाही. शेवटी त्यांनी पेन उचललं.

सहाही नावं तिने तिथेच उभी राहून वाचून दाखवली. मग दाराशी जाऊन पुन्हा आपल्या जागेवर उभी राहिली, आणि बाहेर पायरीवर थांबलेल्या उशिरा आलेल्या माणसांना आत घेतलं.